कोरडी विहीर

गिरजाकाकूंना जगातली कुठलीच गोष्ट शिकावी लागत नसे, कारण ती त्यांना आधीच येत असे. "येते मले. त्याच्यात काय अस्ते?" हे त्यांचं पहिलं वाक्य. मग ती गोष्ट बिघडायची, करपायची, सांडायची नाहीतर फाटायची. मग काकू एक-दोन दिवस गप्प गप्प असत, आणि त्यानंतर ती गोष्ट त्यांना खरोखरच येऊ लागे. मधल्या गप्प दिवसांबद्दल त्यांना विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

नवं राज्य झालं, पाठोपाठ जिल्हा परिषदा आल्या, आणि मला पहिलीच नेमणूक देऊळघाटच्या शाळेवर मिळाली. मी मेहकरची. एकट्या मास्तरीणबाईला खोली द्यायला कुणी लवकर तयार होईना. एकाच्या घरात तरणे मुलगे होते, दुसऱ्याच्या घरात सासू आजारी होती. शेवटी भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक उंच, सडपातळ बाई वाटेतच थांबली आणि म्हणाली, "माह्या घरी या. माह्या घरी मी सोडून कोनी नाई, आन् मी काई चावत नाई." त्या गिरजाकाकू. चावत नाही हे काही तितकंसं खरं नव्हतं, पण ते मला पुढे कळलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा स्टोव्ह पाहिला. गावात तेव्हा सगळ्या चुली. मी सांगायला लागले, आधी वात तापवायची, मग पंप, तर काकूंनी हातानंच मला बाजूला सारलं. "येते मले." पंप मारला तो असा मारला, की जाळ छतापर्यंत गेला आणि काकूंची उजवी भुवई त्याच्याबरोबर गेली. मी पाणी शोधत धावतेय आणि त्या शांतपणे म्हणतात, "लय जोमाचा हाय बाप्पा तुमचा स्टो." दोन दिवस त्या माझ्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर स्टोव्ह निळ्या ज्योतीवर नीट सुरसुरत होता, वर चहा उकळत होता, आणि काकू एका भुवईनं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, येते म्हनून."

काका त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मूलबाळ नव्हतं. काकांच्या मागे राहिलं ते घर, गावाबाहेर रस्त्याला लागून असलेला मळा, मळ्यातली विहीर, विहिरीवर मोठ्या हौसेनं आणलेलं नवं डिझेल इंजिन, आणि जाड तळाच्या, खिळे मारलेल्या चामड्याच्या वहाणा. त्या वहाणा काकू स्वतः घालत. पायाला दोन बोटं मोठ्या होत्या, त्यामुळे चालताना त्यांचा फटाक् फटाक् आवाज होई आणि काकू गल्लीच्या तोंडाशी असतानाच अख्ख्या गल्लीला कळे. विधवा बाईनं नवऱ्याच्या वहाणा घालून हिंडावं याबद्दल बायका कुजबुजत. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मंग कोनं घालाव? काटे तं माह्याच पायात मोडते."

संध्याकाळी माझ्याकडे ओसरीवर मुलं अभ्यासाला बसत. पाढ्यांचा गजर सुरू झाला की काकू वांग्यांची देठं खुडत तिथंच येऊन बसायच्या. त्या शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण परीक्षा घ्यायची त्यांना भारी हौस. एखाद्या पोरानं सातचा पाढा धडाधडा म्हणून दाखवला, की मी शाबासकी द्यायच्या आत काकूंचा आवाज येई, "सुलटं तं पोपटालेही येते. उलटं म्हन." पोरगं सत्तरवरून त्रेसष्टवर येता येता घामाघूम होई. मला सुरुवातीला राग यायचा, वर्ग माझा की यांचा! पण महिन्याभरात माझी पोरं उलटे पाढे असे म्हणायला लागली की तपासणीला आलेले साहेबही जरा सावरून बसले. काकूंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त देठ खुडलं आणि म्हणाल्या, "मंग?"

असा सगळा ऐटीतला कारभार. पण एका गोष्टीपुढे या बाईचं चालत नव्हतं, आणि ती होती स्वतःच्याच मळ्यातली विहीर.

इंजिन वर होतं आणि त्याचा लोखंडी पाइप खाली पाण्यात गेलेला. पाइपाच्या तळाशी एक झडप असते, तिला फुटवाल म्हणत. तिच्यात एखादं पान अडकलं की झडप नीट मिटत नाही, आणि इंजिन कितीही भकभकलं तरी पाण्याचा थेंब वर येत नाही. विहिरीच्या काठावर काकांनी लावलेला कडुनिंब होता आणि त्याची पानं वर्षभर गळायची. पाइप वर ओढणं चार माणसांचं काम, म्हणून कुणीतरी खाली उतरून पान काढायचं. त्यासाठी विहिरीच्या बांधकामातून वीतभर बाहेर काढलेले दगड होते, वरपासून खालपर्यंत तिरके उतरत गेलेले. एकेका दगडावर पाय ठेवत गडी माणसं सरसर उतरत.

गडी माणसं. तिथंच घोडं अडलं होतं. काकूंचे दीर नामदेवभाऊ उतरत, पण त्यांच्या सवडीनं. त्यांची स्वतःची शेती होती, चार लोकांत ऊठबस होती. आज सांगितलं की परवा यायचे. तोवर वांग्यांची रोपं माना टाकायची. दुसरा कुणी बोलावला तरी त्याचीही तीच तऱ्हा. माणूस मिळे, पण पाणी लागे त्या दिवशी मिळत नसे. नामदेवभाऊ माणूस वाईट नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की वहिनीनं आता उन्हातान्हात कष्ट करू नयेत. ते म्हणत, "वैनी, मळा मले बटईनं देऊन टाका. अर्धा माल घरपोच आनून देतो. तुमी आपल्या बसा आरामात." यातला आराम हा शब्द काकूंना शिवीसारखा लागे. बटईनं दिलेला मळा नावानं आपला असतो, पण त्यात काय पेरायचं हे दुसरा ठरवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "एकदा का मी मळ्याबाहेर बसली," त्या मला म्हणाल्या, "का मंग वसरीवर बसली, आन् वसरीवरून खाटेवर. मले नाई बसाचं."

दिवाळीनंतर एकदा तीन दिवस फुटवाल अडकून पडला आणि कुणी येईना. चौथ्या दिवशी सकाळी काकू एकट्याच मळ्यात गेल्या. काठावर वहाणा काढून ठेवल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि एक पाय आत सोडला.

आता यात काय घडलं ते समजायला आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. विहिरीच्या काठावर बाईच्या रिकाम्या वहाणा दिसल्या तर माणूस एकच अर्थ काढतो. विहिरीची खोली आपण पुरुषांत मोजतो, चार पुरुष खोल, सहा पुरुष खोल. बाईचं आणि विहिरीचं नाव एकत्र घेतलं जातं ते फक्त बाई आत गेल्यावर. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं वहाणा पाहिल्या. त्या कुणाच्या हे तर पाळण्यातल्या पोरालाही कळत होतं. त्यानं जी बोंब ठोकली! शेजारच्या वावरातले गडी धावत आले, काकूंना दंडाला धरून, पदराला धरून बाहेर ओढलं, चिखलात बसवलं. नामदेवभाऊ धापा टाकत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वैनी, काऊन जीव देऊन राह्यल्या? आमचं काय चुकलं?"

"जीव कोन देऊन राह्यलं बे!" काकू सगळ्यांवर एकदम ओरडल्या. "फुटवाल साफ कराले चालली होती मी!"

कुणाचाही विश्वास बसला नाही. दोन दिवस बायका काकूंच्या घरी येऊन बसल्या, समजूत घालत. एकीनं तर घरातला दोरसुद्धा उचलून नेला. शेवटी गावातली वडीलधारी माणसं ओसरीवर जमली आणि नामदेवभाऊंनी सगळ्यांसमोर हात जोडले, की हे आता नको, मळा माझ्याकडे द्या. काकू दाराआड उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या. "गुढीपाडव्यापर्यंत थांबा भाऊजी. पाडव्याच्या आत दुसऱ्या कोनाले विहिरीत न उतरवता मी माह्यं इंजन चालवून दाखवते. नाई दाखवलं तं मळा तुमचा बटईनं."

"पन विहिरीत कोन उतरन, वैनी?"

"मी. येते मले."

ओसरीवर कुणी हसलं नाही, हेच मला जास्त भीतिदायक वाटलं. रात्री जेवताना मी विचारलं, "काकू, खरंच येतं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायल्या. "नाई," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यात काय अस्ते?"

शिकायचं कुठे, हा प्रश्न होता. विहिरीजवळ गेलं की गाव धावत येणार. तेव्हा काकूंनी ठरवलं की विहीर घरी आणायची.

त्यांचं घर उतारावर होतं. पुढून बसकं धाब्याचं, पण परसाकडून पाहिलं तर दोन पुरुष उंच. मागची भिंत दगडी, हातभर जाडीची. काकूंनी इस्माईल मिस्त्रींना बोलावणं धाडलं. हे म्हातारे गवंडी म्हणजे पंचक्रोशीतल्या विहिरी बांधणारे, काकूंच्या मळ्यातली विहीरसुद्धा त्यांच्याच हातची. काकूंनी हुकूम सोडला, "चाचा, या भिंतीले तसेच दगड लावा, आपल्या विहिरीले लावले तसे. हुबेहूब. काईच बदलू नका." मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, दाढी खाजवली. आयुष्यभर त्यांनी विहिरी जमिनीच्या खाली बांधल्या होत्या, जमिनीच्या वर विहीर बांधायची ही पहिलीच वेळ. पण काम म्हणजे काम. धाब्याच्या कडेपासून सुरुवात करून ते एकेक जुना दगड काढत, त्या जागी लांब दगड खोल रुतवत, चुन्यानं पक्का करत खाली खाली येत गेले. आणि माझ्या डोक्याच्या वर दीड हात उंचीवर आल्यावर त्यांनी थापी धुतली, हत्यारं पिशवीत भरली.

काकू परसात आल्या. वर पाहिलं. सगळ्यात खालच्या दगडाला हात लावायचा तर उडी मारावी लागत होती.

"चाचा, खालचे दगड?"

"खाली कायचे, काकी? तुमीच बोलल्या ना, विहिरीसारकं हुबेहूब पायजे? विहिरीत खाली पानी रायते. पानीमदी पत्थर कोन लावते?"

मी तोंडाला पदर लावला. भिंतीपलीकडून बघणाऱ्या शेजारणींना तेवढंही सुचलं नाही, त्या खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "काकू, आता परसात कमरंइतकं पानी भरा व माय!" त्या दिवसापासून त्या भिंतीचं नाव पडलं, कोरडी विहीर. मिस्त्री बिचारे ओशाळून म्हणाले, उद्या खालचे लावून देतो. पण काकूंचा स्वभाव असा, की स्वतःच्या तोंडून निघालेला हुकूम चुकीचा होता हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी भिंत पाडली असती.

"बरोबर हाय चाचाचं," त्या ठसक्यात म्हणाल्या. "विहिरीत माणूस वरूनच जाते. मी वरूनच शिकीन."

म्हणजे जी गोष्ट कुणीही सगळ्यात शेवटी शिकेल, ती काकूंनी पहिल्या दिवशी शिकायला घेतली. घरातल्या शिडीनं धाब्यावर जायचं, कडेला पाठमोरं बसायचं, आणि मागे न बघता पाय खाली सोडून दगड शोधायचा. खाली कडब्याच्या पेंढ्या आणि वर जुन्या गोधड्या टाकल्या होत्या. मी धाब्यावर होते. काकूंनी एक पाय सोडला, चाचपडला, आणि पुन्हा वर घेतला. पुन्हा सोडला. कपाळावर घाम डवरला होता. मी म्हटलं, "राहू द्या आज." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी धाब्यावरच्या वाळत घातलेल्या मिरच्या उलटसुलट करू लागले. बऱ्याच वेळानं "सापडला!" असा आवाज आला. मग दुसरा. मग तिसऱ्यावर पाय सरकला आणि काकू कडब्यात गेल्या. कडब्यातून आवाज आला, "मजबूत हाय चाचाचं काम. माहाच पाय कच्चा हाय."

मग रोजचा परिपाठ झाला. सकाळी मळा, दुपारी बाजाराची पाटी, आणि उन्हं कलली की कोरडी विहीर. खालच्या दगडाशी आल्यावर हातानं लोंबकळायचं आणि धप्पकन कडब्यात सोडून द्यायचं. मग उठायचं, अंगावरचा कडबा झटकायचा, घरातून वळसा घालून, शिडी चढून पुन्हा धाब्यावर. काकूंचा हिशेब होता, की दोनदा उतरलं की एक खरी विहीर झाली. एकदा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. आंबेहळदीचा लेप लावून त्या खाटेवर पडल्या असताना नामदेवभाऊ आले. "वैनी, द्या आता सोडून हा नाद." काकू म्हणाल्या, "पाय मुरगळला भाऊजी, डोस्कं नाई." सूज उतरायच्या आत त्या पुन्हा धाब्यावर.

हळूहळू गावाचं हसणं कमी झालं आणि बघणं वाढलं. काकू आता दगड चाचपत नव्हत्या, पायांना तो आपोआप कळत होता. लुगड्याचा काष्टा, उघडे पाय, आणि भिंतीला चिकटून तिरकी उतरत येणारी ती उंच बाई. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आणि त्यांना काही होईल अशी धास्तीही वाटायची. मला तेव्हा त्या घराशिवाय त्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

पाडवा आठवड्यावर आला आणि फुटवाल पुन्हा अडकला. वांगी भरात होती, टमाट्यांना रंग चढत होता. काकूंनी रविवारची सकाळ धरली, आणि मागचा अनुभव लक्षात घेऊन एक शहाणपणाचं काम केलं. वहाणा फटकावत त्या दारोदार फिरल्या आणि प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, "मी आज विहिरीत उतरून राह्यली. जीव द्याले नाई, फुटवाल पाह्याले. कोनी बोंबलू नका, कोनी धावत येऊ नका."

परिणाम असा झाला, की अख्खं गाव चालत आलं. काठाभोवती ही गर्दी. इस्माईल मिस्त्री काठी टेकत आले आणि आपण बांधलेल्या दगडांकडे काळजीनं बघत बसले. नामदेवभाऊ एका बाजूला उभे होते, खांद्यावर मोटेचा जुना जाड दोर. मला आधी राग आला. मग त्यांचा चेहरा पाहिला, तो पांढराफटक पडला होता.

काकूंनी वहाणा काढल्या, काठावर जोडीनं नीट ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, कमरेला दोर बांधा. "बांधला तं उद्या म्हनसान, वढून काढली," असं म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या आणि आत गेल्या. पहिला दगड, दुसरा, तिसरा. एवढ्यात खालच्या कपारीतून कबुतरांचा थवा फडफडत वर आला. घरच्या भिंतीत कबुतरं नव्हती. काकू भिंतीला चिकटून राहिल्या, डोळे मिटलेले. मग पाय हलला. पुढचा दगड. पुढचा. पाण्यालगतच्या दगडी ओट्यावर पोचल्या, पाइपाशी वाकल्या, बाही भिजवून हात खोल घातला. थोड्या वेळानं खालून आरोळी आली, "लावा इंजन!"

नामदेवभाऊंनी स्वतः हँडल मारलं. इंजिन खोकलं, धडधडलं, आणि पाटात पाण्याचा जाड लोट पडला. लोकांनी एकच गलका केला. पोरं पाटात नाचायला लागली. इस्माईल मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली. सगळं झालं, असं आम्हाला वाटलं.

पण काकू वर येईनात. इंजिन बंद केलं. मी काठावर पालथी पडून खाली पाहिलं. त्या खालच्या ओट्यावर उभ्या होत्या, हात कमरेवर, आणि वरच्या दगडांकडे टक लावून बघत होत्या.

"काकू, या ना वर!"

"थांबा बाई."

"काय झालं?"

खालून उत्तर आलं ते हळू, पण विहिरीनं ते सगळ्या गावाला ऐकवलं. "उतरता येते मले. पन चढाचं कुठं शिकली मी?"

महिनोन्‌महिने ही बाई रोज उतरली होती, आणि प्रत्येक वेळी घरातल्या शिडीनं वर गेली होती. खालचे दगडच नव्हते, चढणार कशी? मी रोज बघत होते, गाव बघत होतं, मिस्त्री बघून गेले होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. नामदेवभाऊ पुढे आले, दोराची वेटोळी सोडत म्हणाले, "वैनी, दोर टाकू का?" आवाजात टोमणा नव्हता, नुसती माया होती. पण तो दोर कमरेला बांधला असता, तर संध्याकाळपर्यंत गावात एकच गोष्ट उरली असती, की गिरजाला विहिरीतून ओढून काढली. फुटवाल कुणाला आठवला नसता. बटईचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं असतं. काकू दोराकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा तसा मी कधीच पाहिला नव्हता. सगळी ऐट उतरून गेली होती आणि मागे एक घाबरलेली, एकटी बाई उरली होती.

मला काय सुचलं कोण जाणे. मी विहिरीत तोंड घालून, वर्गात ओरडते तशी ओरडले, "काकू, सुलटं तं पोपटालेही येते! उलटं म्हना!"

मग खालून हसू आलं. आधी खुसखुस, मग मोठ्यांदा, अख्खी विहीर हसल्यासारखं. "थांबा तुमी बाई," त्या म्हणाल्या, "वर येऊन पाह्यते तुमच्याकडे!"

शेवटी कोणता पाय टेकवला होता? डावा. मग डावा पहिला. त्या पुटपुटत होत्या, आमच्या पोरांसारख्याच, शेवटाकडून सुरुवातीकडे. डावा, मग उजवा हात, मग उजवा पाय. मध्ये एकदा चुकल्या, एक दगड मागे गेल्या, पुन्हा जुळवलं. काठाशी डोकं आलं तसे नामदेवभाऊ वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला नाही. कनवटीला खोचलेला कुजक्या निंबपानांचा चिखलगोळा काढला आणि त्या हातात ठेवला. "धरा भाऊजी. हे अडकलं होतं." आणि स्वतःच्या जोरावर वर आल्या.

गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ बांधावर बसल्या. पदरानं हातांचा चिखल पुसत त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, लय भेव वाटलं." मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी वहाणा पायात सरकवल्या. "पन आता येते मले."

पाडव्याला नामदेवभाऊ साखरेची गाठी घेऊन आले, गोडधोड जेवले आणि बटईचं नाव न काढता गेले. जाताना एवढंच म्हणाले, "वैनी, माह्या विहिरीतही कधी काई अडकलं तं..." काकू म्हणाल्या, "सांगा. पन मी येईन माह्या सवडीनं." दोघंही हसले. इस्माईल मिस्त्रींनी खालचे दगड बिनबोभाट लावून दिले. पुढच्या हिवाळ्यात त्या भिंतीवर नामदेवभाऊंची सून शिकताना मी पाहिली. काकू कडब्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तिला सांगत होत्या, "आधी चढ. उतरनं मंग."

माझी बदली मेहकरकडे झाली, लग्न झालं. पत्र लिहिणं काकूंच्या स्वभावात नव्हतं आणि माझ्या हातून राहून गेलं. पुष्कळ वर्षांनी एका कामासाठी बुलढाण्याला निघाले होते. एसटी देऊळघाटच्या अलीकडे त्यांच्या मळ्यावरून जाते. मी खिडकीशी सरकून बसले. कडुनिंब चांगला पसरला होता. वांग्यांचे वाफे हिरवेगार होते. मळ्यात कुणी दिसत नव्हतं, इंजिन बंद होतं. आणि विहिरीच्या काठावर, जोडीनं नीट ठेवलेल्या, त्या मोठ्या वहाणा होत्या.

माझ्या पुढच्या बाकावर देऊळघाटच्याच दोन बायका बसल्या होत्या. त्यांनीही त्या पाहिल्या. एक जण दुसरीला तंबाखूची डबी देत म्हणाली, "काकूचा फुटवाल अडकला वाट्टे," आणि दोघी आपल्या बोलण्याला लागल्या. गाडी वळणावर आली, मळा मागे पडला, तेव्हा मागून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.